हातातली वाटी आणि कानातले पाढे

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त वाण्याच्या दुकानातले एक उदाहरण आहे. तांदूळ एका द्रम्माला साडेतीन माने मिळतो, मूग आठ माने. गिऱ्हाइकाच्या हातात तेरा काकिणी आहेत. त्याला तांदळाचे दोन भाग आणि मुगाचा एक भाग असा मिळून शिधा हवा आहे. तो घाईत आहे, कारण पटकन जेवून निघायचे आहे आणि सोबतचा तांडा थांबणार नाही. एका द्रम्माच्या चौसष्ट काकिणी हे ठाऊक असले की उत्तर काढता येते: तांदूळ ७/१२ माने आणि मूग ७/२४ माने. उदाहरणात खिचडीचे नाव कुठेही नाही, पण वाटेत झटपट शिजवायचे तांदूळ आणि मूग म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. आजही मुगाची खिचडी टाकताना अनेक घरांत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतात. द्रम्म गेला, काकिणी गेली, मान नावाचे मापही गेले. दोनास एक हे प्रमाण मात्र राहिले.

लहान मुलांना सोबत घेऊन स्वयंपाक करावा आणि त्यातून गणित शिकवावे, असे हल्ली पालकांना सांगितले जाते. या सल्ल्याकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. काहींना ते बाहेरून आलेले खूळ वाटते. काहींना वाटते की ही आपलीच जुनी रीत आहे. आपल्या आज्या-पणज्या असेच शिकल्या आणि मधल्या काळात आपण ते विसरलो. महाराष्ट्रातल्या मापांचा, पाढ्यांचा आणि स्वयंपाकघराचा इतिहास नीट पाहिला तर दोन्ही समज टिकत नाहीत. स्वयंपाकघरात गणित मुबलक होते, तेव्हा ते खूळ नाही. पण गणिताचे शब्द ज्या मुलाच्या कानावर पडत होते आणि गणिताच्या वस्तू ज्या मुलाच्या हातात होत्या, ती दोन मुले बहुतेक वेळा वेगळी होती. म्हणून याला जुन्या रीतीचे पुनरुज्जीवनही म्हणता येत नाही. मुलांसोबत केलेल्या स्वयंपाकाचे महत्त्व मला इथेच दिसते. दोघांत वाटले गेलेले शिक्षण एकाच मुलाला देण्याची संधी त्यात आहे.

आधी वस्तू पाहू. धान्य मोजण्याची जुनी मराठी मापे एकाच क्रियेतून घडली आहेत: अर्धे करणे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. शेराच्या पुढे चार शेरांची पायली. म्हणजे एका पायलीत चौसष्ट निळवी. हा चौसष्टचा आकडा इथे एकटा नाही. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. भास्कराचार्यांच्या द्रम्माच्या चौसष्ट काकिणी, आणि त्यांनीच दिलेल्या धान्यमापांत चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, म्हणजे द्रोणाचेही चौसष्ट कुडव. आठ शतकांच्या अंतरावरचे हे साम्य योगायोगाचे नाही. चौसष्ट ही संख्या सहा वेळा निम्मी करता येते आणि एकदाही अपूर्णांक येत नाही. ज्या बाईला पसाभर धान्य दोन घरांत वाटायचे आहे आणि पुन्हा त्यातल्या एका वाट्याचे दोन भाग करायचे आहेत, तिला तराजूही लागत नाही. दोन सारखे ढीग डोळ्यांना कळतात. दहाचे एकदा अर्धे केले की पाच येतात आणि तिथेच हात अडतो.

वजनांच्या नावांतही हिशोब भरलेला होता. पावशेर आणि अच्छेर ही नावे स्वतःच बोलतात. नवटाक म्हणजे नऊ टांक. शेराचे बहात्तर टांक, म्हणून नवटाक हा शेराचा आठवा भाग. खुद्द ताटातही अपूर्णांक होता: अर्धी भाकरी आणि चतकोर भाकरी. ‘चतकोर’ हा शब्द ज्या मुलाला कळतो त्याला एक चतुर्थांश म्हणजे काय हे कळलेले असते, फक्त शाळेने त्याला दिलेले नाव कळलेले नसते. घडीच्या पोळीच्या लाटीची पहिली घडी अर्ध्याची, दुसरी पावाची. भागाकाराची ही क्रिया रोज हातून होत होती. मात्र तिला कोणी भागाकार म्हणत नव्हते.

आता कान. पेशवाईच्या अखेरीला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे आणि आकडे गिरवत आणि पाढे घोकत. साध्या पाढ्यांवर हे घोकणे थांबत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यानंतर येत. औट म्हणजे साडेतीन. औटकीत सातावर साडेचोवीस यायचे. संध्याकाळी दिवेलागणीला परवच्यात हे सारे पुन्हा म्हटले जाई. आज हे पाढे स्मरणशक्तीचे प्रदर्शन वाटतात, पण त्यांचा उपयोग रोखठोक होता. एखाद्या जिनसाचा दर शेराला साडेतीन आणे असेल आणि सात शेर घ्यायचे असतील, तर औटकी येणारा मुलगा क्षणात साडेचोवीस आणे म्हणजे दीड रुपया आणि अर्धा आणा असे सांगत असे. मापे निम्म्या-निम्म्याने उतरत होती, म्हणून पाढेही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असेच चढत होते. बाजार, माप आणि पाठांतर एकाच भाषेत बोलत होते, आणि लेखी भागाकाराची गरज पडू नये अशीच ती भाषा बेतलेली होती.

पण ती कोणाला मिळत होती? पंतोजींच्या शाळेत प्रामुख्याने ब्राह्मण, वाणी, सोनार अशा लिहिण्या-मोजण्याच्या व्यवसायातल्या घरांचे मुलगे बसत. मुली जवळजवळ नसत, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना दाराबाहेरच राहावे लागे. उलट चिपटे, मापटे आणि पीठ ज्यांच्या हातात होते त्या मुलींच्या कानावर औटकी आलीच तर ओसरीवर भाऊ परवचा म्हणत असताना उडत आलेली. वाण्याच्या पेढीवर बसणाऱ्या मुलाकडे तराजू आणि पाढे दोन्ही होते, पण तो अपवाद. इतरांत कानाचे गणित एकाकडे आणि हाताचे दुसरीकडे अशी वाटणी होती. घोकणाऱ्या मुलाला सव्वा म्हणजे केवढा ढीग ते ठाऊक नसे, आणि मापणाऱ्या मुलीला आपण करतो त्याला जगात काही नाव आहे हे ठाऊक नसे. पाढ्यांतला पोकळपणा आणि स्वयंपाकातला मुकेपणा हे एकाच फाटाफुटीचे परिणाम होते.

ही फाटाफूट नकळत झाली आणि आपोआप मिटली असेही नाही. ती टिकावी म्हणून युक्तिवाद केले गेले. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीला अक्षर आणि अंक देणे हीच बंडखोरी ठरली. पुढे १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाले. त्यानंतर मुलींना मुलांसारखेच इंग्रजी, गणित, शास्त्रे शिकवावीत की शिवणटिपण आणि गृहकृत्ये, यावर पुण्याच्या वृत्तपत्रांत मोठे वाद झाले. त्या वादात स्वयंपाकघर गणिताच्या विरुद्ध बाजूला उभे केले गेले: एक हवे असेल तर दुसरे सोडा. आज कोणी स्वयंपाकातून गणित शिकवायचे म्हटले आणि एखाद्या स्त्रीच्या कपाळाला आठी पडली, तर तिचे कारण याच इतिहासात आहे. मुलीला चुलीपाशी बसवून ‘हेच तुझे शिक्षण’ असे सांगण्याची परंपरा लांब आहे, आणि हा आक्षेप बाजूला सारून पुढे जाता येत नाही. त्याला उत्तर एकच: ओट्यापाशी मुलगा आणि मुलगी दोघेही हवीत, आणि शिकवणारी फक्त आईच नको. ज्या घरात बाबा कणीक मळत नाहीत त्या घरात मुलगा पाहूनच शिकेल की हे गणित आपले नव्हे.

वस्तू आणि शब्द यांचा बाजारातला मेळ १९५७ ते १९६२ या वर्षांत संपला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून किलो, लिटर आणि मीटर टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पर्यंत देशभर रूढ झाले. शेर आणि पायली कायद्याने गेली. पावकी ते औटकी हे पाढे शाळांतून हळूहळू उतरले, कारण दशांशाच्या हिशोबात त्यांचे काम उरले नाही. याबद्दल हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. जुनी मापे गावागणिक बदलत होती. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा. एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेत कमी भरायचा. या गोंधळात नुकसान होत असे ते माल विकणाऱ्या कुणब्याचे आणि उधारीने धान्य नेणाऱ्या मजुराचे. एकच किलो सगळीकडे सारखा असणे ही न्यायाची गोष्ट होती. तो बदल योग्यच होता. त्याने बाजारातले हाताचे गणितही बाजूला केले, इतकेच नोंदवायचे आहे.

बाजारातून गेलेले हे गणित स्वयंपाकघरात मात्र तग धरून राहिले. मराठी पाककृतींची छापील पुस्तके या बदलाची उत्तम साक्ष देतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मधले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मधले. ती शेराच्या काळातली पुस्तके. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घराघरांत रुजवली ती वाटी आणि चमचा. किलो रूढ झाल्यावर आठ वर्षांनी आलेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातातले हे पुस्तक ग्रॅमवर उभे राहिले नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. तुमच्या घरची वाटी आणि माझ्या घरची वाटी सारखी नसते, आणि तरीही दोन्ही घरांत पदार्थ जमतो. उकडीच्या मोदकांना पिठीइतकेच पाणी, पुरणाला डाळीइतकाच गूळ. वाटी लहान असो की मोठी, एकास एक म्हणजे एकास एकच. वजनकाटा वस्तू किती आहे ते सांगतो. वाटी दोन वस्तूंचे नाते सांगते. पाचवी-सहावीत गुणोत्तर आणि प्रमाण या नावाने जे शिकवले जाते आणि अनेक मुलांना अवघड जाते, ते हेच नाते.

सव्वाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर, तूप सगळे सव्वा पटीने घेतात. पूर्वी सव्वा शेर किंवा सव्वा पावशेर. आता सव्वा किलो किंवा सव्वा वाटी. माप बदलले, अपूर्णांक बदलला नाही. एका वाटीने सव्वा वाटी रवा मोजायचा तर त्या वरच्या पावाचे काय करायचे, हा प्रश्न सहा-सात वर्षांच्या मुलापुढे ठेवण्याजोगा आहे. कोणी वाटी अंदाजे पाव भरील. कोणाला सुचेल की भरलेल्या वाटीचे ताटात चार सारखे ढीग करावेत आणि एक उचलावा. कोणी लहान चमच्याने वाटीभर रवा मोजून पाहील. सोळा चमचे भरले तर चार घेईल. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि त्यांतले तिसरे म्हणजे निळव्याने शेर मोजण्याची जुनी रीतच आहे.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की हा सगळा अंदाजाचा कारभार आहे. मुरलेली सुगरण मोजत नाही. मीठ चिमटीने, तांदळावरचे पाणी बोटाच्या पेराने. मग त्यात गणित कुठले? मला वाटते हा आक्षेप अंदाज म्हणजे मोजमापाचा अभाव असे धरून चालतो. तांदळावर पेरभर पाणी ठेवणारीने लांबीचे एक पक्के माप वापरलेले असते; ते तिच्या अंगावर असते म्हणून दिसत नाही इतकेच. अंदाज हा अनेकदा मोजून झाल्यावर हातात उरलेला साठा असतो. लहान मुलाकडे तो साठा नसतो, म्हणूनच त्याला आधी मोजू द्यावे आणि मग मोजण्याआधी सांगायला लावावे: या डब्यात किती वाट्या मावतील? उंच पेल्यातले दूध पसरट भांड्यात ओतले की चार-पाच वर्षांचे मूल ते कमी झाले असे म्हणते, हे जाँ पियाजे यांनी विसाव्या शतकात दाखवून दिले. शब्दांनी समजावून ते पटत नाही. तेच दूध अनेकदा इकडून तिकडे ओतले गेले की हळूहळू पटते. रोज असे ओतण्याची सोय स्वयंपाकघरात जितकी आहे तितकी वर्गात क्वचितच असते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि त्याला पुरावा आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी तोंडी हिशोब करताना त्या मुलांची शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर होती. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या संख्यांनी दिली तेव्हा शंभरात सदतीसच. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांच्या सहभागाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही हेच दाखवले: बाजारात काम करणारी मुले शाळेच्या पद्धतीची गणिते करताना अडतात, आणि शाळेत शिकणारी मुले बाजारातला हिशोब करताना अडतात. हाताचे गणित आपोआप कागदावर उतरत नाही आणि कागदावरचे आपोआप हातात येत नाही. मग नुसती पोळी लाटून मूल गणितात पुढे कसे जाईल?

नुसती लाटून जाणार नाही, हे मान्य. पण हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही; पंतोजीची शाळा आणि माजघर यांच्याबद्दल वर जे म्हटले त्याचीच ही आजची आवृत्ती आहे. दोन गणिते दोन ठिकाणी ठेवली की ती वेगळीच राहतात. तेव्हा काम आहे ते त्यांना एका जागी आणण्याचे, आणि ते कोणीतरी जाणूनबुजून करावे लागते. महाराष्ट्राच्या भूमीवर हा प्रयत्न झालेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बेतला. त्यानंतर आशादेवी आणि आर्यनायकम यांच्या देखरेखीखाली सेवाग्रामला याच कल्पनेची, म्हणजे नई तालीमची, शाळा चालली. तिथे चरखा होता तसे स्वयंपाकघरही होते. मुले आणि मुली पाळीने रांधत आणि शिधा, खर्च यांचा हिशोब वहीत ठेवत. ती वही महत्त्वाची. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह बालशिक्षण उभे केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने अशा मुलांच्या अवतीभवतीच्या वस्तू साधन म्हणून वापरल्या. दोन्हीकडे एकच जाण दिसते: वस्तू मुलाच्या जगातली असावी, आणि तिच्यावरून संख्येकडे नेणारा माणूस शेजारी असावा.

या प्रयत्नांना मर्यादा होत्या. नई तालीम देशभर रुजली नाही. अनेक पालकांना वाटले की श्रीमंतांची मुले पुस्तके वाचणार आणि आपली हातानेच राबणार. ती शंका रास्त होती, कारण श्रमाची वाटणी जातीने आणि वर्गाने आधीच झालेली होती. घरच्या स्वयंपाकात ही अडचण कमी येते. तिथे शाळेऐवजी दुसरे काही द्यायचे नसते, शाळा आहेच. फक्त शाळेत ज्याला १/४ म्हणतात आणि घरी ज्याला चतकोर म्हणतात ते एकच आहे, हे मुलाला एकदा दिसायला हवे. त्यासाठी वेळ नाही, विस्तवाची भीती आहे, सांडलवंड होते, या अडचणी खऱ्या आहेत, पण विस्तव लागण्याआधीचे काम पुष्कळ असते. मोजणे, निवडणे, सारखे गोळे करणे, वाढताना माणसे मोजणे, यांत पेटता गॅस कुठेच नाही.

आता पुन्हा भास्कराचार्यांच्या त्या वाटसरूकडे येऊ. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथल्या इसवी सन १२०७ च्या शिलालेखाच्या अखेरीस मराठी ओळी आहेत, आणि त्यांत बाजारातल्या मालावरचा कोणता वाटा मठाला द्यायचा त्याची नोंद आहे. गणित शिकवणारी ती संस्था बाजारातल्या मापांवर जगत होती, आणि तिच्यात शिकवला जाणारा ग्रंथ वाण्याच्या दुकानातले तांदूळ-मूग मोजत होता. शास्त्र आणि शिधा यांत तेव्हाच्या विद्वानालाही अंतर वाटत नव्हते. अंतर होते ते त्या मठाच्या दारात कोण बसणार, यात. आज घरातल्या पाच माणसांसाठी अडीच वाट्या तांदूळ लागतात आणि डाळ त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वा वाटी, हे कोणीही मूल मोजू शकते, आणि मोजून झाल्यावर वहीत २½ : १¼ असे लिहूही शकते. ते लिहिणारा हात आणि ते मोजणारा हात एकाच मुलाचा असेल, तर या भूमीवर बराच काळ वेगळी राहिलेली दोन गणिते त्या एका ओट्यापाशी भेटली असे म्हणता येईल.